राहणं आणि राहून जाणं

"मावशी, पेपर टाकू का?"

रविवारी दुपारी जेवणं उरकत आली होती आणि माझ्या भाच्याने ताटातला हात तसाच ठेवून हे विचारलं. पेपर टाकू का, म्हणजे राजीनामा देऊ का. तो नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, डिप्लोमा झाल्यापासून. येत्या जूनमध्ये सहा वर्षं होतील. मी तोंड उघडायच्या आत माझी बहीण म्हणाली, "लग्न जमेपर्यंत त्या विषयाचं नावही काढायचं नाही." मेहुणे म्हणाले, "गेटबाहेर शंभर पोरं उभी आहेत तुझ्या जागेसाठी." पुण्यातला त्याचा मित्र आदल्याच रात्री फोनवर सांगून मोकळा झाला होता की सोड बिनधास्त, आयुष्य एकदाच मिळतं. तिघांचीही त्याच्यावर माया आहे. पण तुला तिथे नेमकं काय सहन होत नाही, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

हा प्रश्न आपण घराघरात असाच निकालात काढतो. सोडणारा एक तर धाडसी ठरतो नाही तर बेजबाबदार, राहणारा एक तर समंजस नाही तर भित्रा. नोकरीचा निर्णय म्हणजे जणू माणसाच्या स्वभावाची परीक्षा. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगायचा मला थोडा अधिकार आहे असं वाटतं.

मी 14 वर्षं अंबडच्या एका कंपनीत पगारपत्रकं केली. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाचा शेवटचा कागद, म्हणजे 'फुल अँड फायनल', माझ्या टेबलावरून जायचा. राजीनाम्यात कारण बहुतेक वेळा एकच असायचं: 'घरगुती कारणास्तव'. पण सही करताना माणसं बोलायची. वडील वारले तेव्हा तेराव्याची रजा नाकारली गेली, हे एकाने चार वर्षं मनात ठेवलं होतं. दुसऱ्याला शिफ्ट इनचार्जने हाताखालच्या पोरांसमोर उभं करून झापलं होतं. एकजण म्हणाला होता, "मॅडम, तीन वर्षं तेच गेज, तोच पार्ट. मला आता पार्ट बघावा लागत नाही, हातच सांगतो. मग मी कशाला आहे तिथं?" पगार कमी म्हणून जाणारेही होते, पण आपण समजतो तितके नव्हते.

त्याहून जास्त माणसं मी न जाणारी पाहिली. त्यात दोन तऱ्हा होत्या. काही जण राहत होते. काही जण राहून गेले होते. मराठीत या दोन शब्दांत केवढं अंतर आहे! राहणाऱ्याला आपण का राहतोय ते ठाऊक असतं: मुलीची बारावी होऊ दे, सिडकोच्या सहाव्या स्कीममधल्या घराचे हप्ते फिटू देत, हे मशीन एकदा हाताखालून जाऊ दे. राहून गेलेल्याला विचारलं तर तो म्हणतो, "आता काय, निघालं की." माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या तऱ्हेबद्दल आहे, कारण मी स्वतः तशी राहून गेले होते.

2009 मध्ये मला पहिल्यांदा वाटलं की इथून निघावं. मुलगा दुसरीत होता, सिडकोतल्या घरावर मजला चढवायला कर्ज काढलं होतं, आणि सासूबाईंचं औषधपाणी कंपनीच्या मेडिक्लेमवर चाललं होतं. तिन्ही कारणं खरी होती, आजही मी ती खोटी म्हणणार नाही. पण मी कधी बसून ठरवलं नाही. कर्ज 2013 साली फिटतं, तोवर राहायचं, असं मी स्वतःला आणि नवऱ्याला सांगून टाकलं असतं तर ती चार वर्षं माझी झाली असती. मी मात्र दर एप्रिलला इन्क्रिमेंटचं पत्र उघडायचे, दोन दिवस चिडायचे आणि तिसऱ्या दिवशी हजेरीपत्रक पुढे ओढायचे. कर्ज फिटलं. सासूबाई गेल्या. तरी मी तिथेच होते. निघाले 2016 मध्ये.

मला काय सहन होत नव्हतं? काम नव्हे. रकाने जुळले की मला आजही आनंद होतो. सहन होत नव्हती ती कंत्राटी पोरांची हजेरी. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं की सलग वर्षाची सेवा धरली जायची, आणि मग माणसाला सहज काढता यायचं नाही. म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा, थोड्या दिवसांनी नव्या नंबरवर परत घ्यायचं. पोरगा तोच, मशीन तेच. ब्रेकची नोंद माझ्या हातची. ज्याचा बाप माझ्याच गल्लीत राहतो त्या पोराचा नंबर मी दोनदा बदलला. त्या दिवशी मी घरी भाकरी थापताना रडले होते, आणि तरीही पुढच्या महिन्यात नोंद केलीच.

म्हणून असमाधान हा एकच शब्द वापरून मोकळं होता येत नाही. कंटाळा ही एक गोष्ट आहे. तो बहुतेक कामांत येतो, त्याच्यावर उपाय असतात, कधी खातं बदलूनही तो जातो. शिकणं थांबणं ही त्याहून गंभीर गोष्ट, कारण बाहेरचं जग थांबत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, डिझेल इंजिनांचं तंत्र बदललं, आणि त्यानंतर जुन्याच भागांवर ज्यांचा हात बसला होता त्यांचं कौशल्य त्यांच्या डोळ्यांदेखत जुनं झालं. तिथे माणूस जागचा हलला नव्हता, नोकरीच हळूहळू त्याला सोडून चालली होती. अपमान ही तिसरी गोष्ट. आणि आपल्या सहीने कुणाचं नुकसान होणं ही सगळ्यांत वेगळी. कंटाळलेल्या माणसाला मी थांब म्हणेन, निदान विचार कर म्हणेन. ज्याला आपल्या सहीची लाज वाटते त्याला मी थांब म्हणणार नाही. तिथे काढलेलं प्रत्येक वर्ष माणसाला आतून थोडं थोडं बोथट करतं, आणि बोथट झाल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. मला सात वर्षांनी कळलं.

नोकरी सोडण्याची गोष्ट निघाली की नाशिकमध्ये दोन नावं ठरलेली. एक दादासाहेब फाळके. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी स्वदेशीच्या काळात सोडतो, छपाईच्या धंद्यात नाव कमावतो, भागीदारांशी पटत नाही म्हणून तोही सोडतो, आणि 1913 मध्ये देशाला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट देतो. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली तिथे जातात. पोरांना आपण एवढंच सांगतो. लंडनला जाण्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्या करत बसत, हे आपण ओझरतं सांगतो. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतूनही फाळके मतभेदांमुळे राजीनामा देऊन काशीला निघून गेले होते आणि पुढे त्याच कंपनीत परत आले, हे तर सांगतच नाही. 1944 मध्ये नाशिकमध्येच ते गेले तेव्हा हाताशी पैसा फारसा उरला नव्हता. मला ही पूर्ण गोष्ट त्या अर्ध्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. तिच्यात सोडणं आहे, सोडण्याची किंमत आहे, ती किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरल्याचं आहे, आणि परत येणंही आहे. परत येण्यात कमीपणा नाही, हे आपल्या पोरांना कुणी सांगतं का?

दुसरं नाव सुलाचे राजीव सामंत. अमेरिकेत ओरॅकलमधली नोकरी सोडून आले आणि गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षापासून वाइनचा उद्योग उभा केला. कौतुक आहेच. पण जमीन घरची होती, आणि वाइनपर्यंत पोचण्याआधी त्यांनी त्या जमिनीत बाकीची पिकंही करून पाहिली होती. सिडकोत दोन खोल्यांत वाढलेल्या, बहिणीच्या लग्नाचे हप्ते भरणाऱ्या पोराला ही गोष्ट सांगून 'बघ, हिंमत लागते' म्हणणं हा त्या पोरावर अन्याय आहे. हिंमत त्याच्याकडेही असेल. त्याच्या पायाखाली जमीन नाही, एवढाच फरक आहे.

आणि ज्यांच्याकडे शेती आहे? सातपूर-अंबडच्या कामगारांत निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचे पुष्कळ. नोकरीला कंटाळला की मनात पहिला विचार द्राक्षबागेचा येतो. माझ्या हिशेबातून असे काही जण गेले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि मधल्या प्रत्येक ढगाकडे बघत काढलेली रात्र. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, तरी पगार बंद झाल्यावर तेच आभाळ वेगळं दिसतं. कांद्याचं तसंच. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, तेव्हा लासलगावचे भाव एका कागदाने पडले. त्यातले जे टिकले त्यांच्या घरात एक पगार चालू होता, बहुतेकदा बायकोचा: अंगणवाडीत, शाळेत, दवाखान्यात. त्या बायकांना आपली नोकरी आवडत होती का, हे कुणी विचारलं नाही. त्यांना सोडायची मुभाच नव्हती.

बायकांचा विषय निघालाच आहे तर. पगारपत्रकात मी पाहिलं की पुरुषाच्या राजीनाम्यावर घरात महिनाभर खल होतो. बाईची नोकरी बाळंतपणात, सासूच्या आजारपणात, नवऱ्याच्या बदलीत अशी सुटून जाते की तो राजीनामा आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे एक मुलगी ड्रॉइंग वाचण्यात कुणालाही ऐकत नव्हती. मूल झालं, पाळणाघर जवळ नव्हतं, सेकंड शिफ्ट टाळता येईना. गेली. 'घरगुती कारणास्तव' हे तिच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं, पण ते कारण घरात जितकं होतं तितकंच कारखान्यातही होतं.

आता पैशाचं थोडं सविस्तर, कारण इथे माणसं निष्कारण घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत. "ग्रॅच्युइटी बुडेल" म्हणून दहा-बारा वर्षांचे जुने लोक थांबलेले मी पाहिले. 1972 च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा की पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटी तुमची, राजीनामा दिलात तरी. हिशेबही सोपा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. तीस हजारांवर बारा वर्षं झालेल्या माणसाचे दोन लाख सात हजारांच्या वर होतात आणि ते त्याला मिळतातच. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना तर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही पाच वर्षांची अटही नाही.

उलट तरुण पोरं दर नोकरीबदलाला पीएफ काढून घेतात आणि गाडीचं डाउन पेमेंट भरतात. तिथे खरं नुकसान आहे. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. खातं पुढच्या कंपनीत वर्ग केलं तर आधीची वर्षं त्यात धरली जातात, काढून घेतलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि सगळ्यांत मोठा धोका आरोग्यविम्याचा. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ज्याच्या घरी शुगर-बीपीचे आईवडील आहेत त्याने राजीनाम्याचा विचार मनात आल्याच्या दिवशी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी आणि राजीनामा नंतर कधीही द्यावा. दिला नाही तरी चालेल. थांबण्याची मुदत तोवर सरत असते.

पण हे सगळं ज्याने त्याने आपल्या घरी करावं, एवढ्यावर विषय संपवला तर मी माझ्याच टेबलावर पाहिलेल्या गोष्टींशी बेइमानी होईल. राहून जाण्याला माणसाचा आळस जितका जबाबदार आहे त्याहून जास्त आपल्या व्यवस्था जबाबदार आहेत.

पहिली गोष्ट शहराची. पुण्यात नोकरी सोडणारा हिंजवडीतून खराडीला जातो, घर तेच राहतं. नाशिकमध्ये ज्याच्या कामाचे मालक दोन-चारच आहेत, त्याच्यासाठी नोकरी सोडणं म्हणजे बहुतेक वेळा नाशिक सोडणं. रविवारी रात्री द्वारका चौकात पुण्याच्या गाड्यांची वाट बघत बॅगा घेऊन उभी असलेली पोरं पाहा. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसचे पासवाले पाहा. मुंबईपर्यंत सुमारे 190 किलोमीटर जायचं आणि रात्री तेवढंच परत यायचं, वर्षानुवर्षं. या शहराजवळ विमानं बनवणारी एचएएल आहे, शहरात नोटांचा छापखाना आहे, वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत, तरी शिकलेल्या माणसाला गावातल्या गावात दुसरं दार सापडत नसेल, तर मालकाला त्याला राखण्यासाठी काही करावंच लागत नाही. नाशिकला नवे उद्योग यावेत अशी मागणी आपण रोजगारासाठी करतो. माझी ती मागणी माणसाच्या ताठ मानेसाठीही आहे. दुसरं दार उघडं असेल तर पहिल्या दारातला साहेबही नीट बोलतो.

दुसरी गोष्ट नोटीस पिरियडची. तीन महिने हे कशासाठी? पुढची कंपनी एका महिन्यात हजर व्हा म्हणते, जुनी तीन महिने सोडत नाही, आणि मधल्या मध्ये संधी जाते. मोठ्या पदांचं मी समजू शकते. लाइनवरच्या इन्स्पेक्टरला तीन महिने अडकवण्याचा हेतू काम सोपवणं हा नसतो, त्याने जाऊ नये हा असतो. एक महिना, दोन्ही बाजूंना सारखा, यापेक्षा जास्त लागत असेल तर कंपनीने तो पगारासकट सिद्ध करावा.

बाँडचं तसंच. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका सरकारी बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरा. सरकारी भरतीची जाहिरात, परीक्षा, मुलाखती यांचा खर्च खरा असतो, हे त्यामागचं म्हणणं मला पटतं. पण चार दिवसांचं ट्रेनिंग देऊन दोन वर्षांचा बाँड लिहून घेणारे आणि पोरांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणारे जे आहेत, त्यांनी या निकालाच्या आड लपू नये. प्रमाणपत्र त्या पोराचं आहे. ते अडकवून ठेवणं हे काम करवून घेणं नव्हे, माणूस ओलीस ठेवणं आहे, आणि राज्यघटनेच्या 23व्या कलमाने सक्तीच्या श्रमावर बंदी घातलेल्या देशात ते चालू द्यायला आपल्याला लाज वाटायला हवी.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. स्थळ बघताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "पर्मनंट आहे का?" मुलगा कसा आहे हे नंतर. या एका प्रश्नाने किती पोरांना नावडत्या खुर्चीला बांधलं असेल! मुलीच्या काळजीपोटी विचारतो, मान्य. पण आज पर्मनंट असलेला उद्या असेलच याची हमी कुठे आहे? त्यापेक्षा त्याच्या हातात काय कला आहे, ती दुसऱ्या कुणाला हवी आहे का, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे विचारा.

कुणी म्हणेल, ही सगळी पर्मनंटवाल्यांची चैन; कंत्राटी पोराला कुठे निवड आहे? बरोबर आहे. ज्यांचे नंबर मी बदलले त्यांना राहायचं होतं आणि राहता येत नव्हतं. पण दोघांचं दुखणं एकाच मुळाचं आहे. राहणं कुणी ठरवायचं आणि जाणं कुणी, हे दोन्ही एकाच बाजूच्या हातात आहे. म्हणून पर्मनंट माणसाने आपलं असमाधान एकट्याचं समजून गिळू नये. गेटवरची शंभर पोरं दाखवून त्यालाही गप्प करतात आणि त्या शंभरांनाही.

भाच्याशी मी त्या रविवारी दोन तास बोलले. त्याला अपमान सोसावा लागत नाही, सही खोटी करावी लागत नाही. शिकणं थांबलंय. सहा वर्षांत तो सीएमएमच्या खोलीत, म्हणजे जिथे पार्टचं संगणकावर नेमकं मोजमाप होतं तिथे, कधी बसलेलाच नाही. मागितलंस का, विचारलं. नाही म्हणाला. लेखी मागितलंस का? त्याचंही नाही.

मंगळवारी त्याने मला कागदाचा फोटो पाठवला. तिकडे बदलीसाठी अर्ज दिला आहे. आईवडिलांची पॉलिसी या महिन्यात. चार महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे वेगळे, गाडी पुढच्या वर्षी. खाली तारीख: 30 नोव्हेंबर. तोवर बदली झाली तर राहायचं, किती दिवस ते पुन्हा ठरवायचं. नाही झाली तर बाहेर अर्ज, नाशिकमध्ये आधी, मग चाकण. बहिणीला हे अजून पसंत नाही. पण काल तिचा फोन आला, 30 नोव्हेंबरला कोणता वार येतो ते विचारायला. त्या दिवशी मलाही बसायचंय म्हणाली.